शिंगाची घोडी

रविवारी एका तंबोऱ्यावर माझ्या हातून कानशीचे चार हात जास्त गेले. घडलं ते एवढंच. खोलीत पस्तीसेक माणसं होती, त्यातल्या एकालाही ते कळलं नाही. उलट टाळ्या पडल्या. आज मंगळवार, रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मी कारखान्यातच बसून हे लिहितोय.

कारखाना म्हणजे दहा बाय चौदाची खोली आणि मागे भोपळे ठेवायचा माळा. आम्ही मिरजेतले तंबोरेवाले तिला कारखानाच म्हणतो. पुण्याच्या ज्या मंडळींनी हा कार्यक्रम ठरवला, त्यांच्या पोस्टरवर 'स्टुडिओ' छापलं होतं. शनिवार-रविवार सतारमेकर गल्लीतले आठ-नऊ कारखाने लोकांना खुले ठेवायचे, तासातासाला एक तुकडी येणार, प्रत्येकाने आपापलं काम करून दाखवायचं. माणशी तिकीट होतं. त्यातलं आमच्या हाती काय आलं ते लिहीत नाही, लिहिलं तर हसाल.

शुक्रवारी त्यांचा एक मुलगा पाहणी करून गेला. पाहुणे येणार म्हणून आम्ही खोली झाडून, भुसा-ढलप्या पोत्यात भरून ठेवल्या होत्या. तो म्हणाला, "सर, इथे जरा कामाचा फील पाहिजे." मग पोतं उघडून ढलप्या पुन्हा पसरल्या. चाचा माळ्याखाली खुंट्या घासत बसले होते. ते म्हणाले, "उद्या म्हणेल थोडा घामही लावा." चाचा अब्बांचे धाकटे भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर. डोळ्यांनी अधू झालेत, पण खुंटी अजून हाताच्या अंदाजाने बरोबर बसवतात.

शनिवार बरा गेला. खरं सांगायचं तर मला आवडलं. भोपळ्याबद्दल कुणी विचारलं की मी सुटतोच. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठावरून येतात. जात कडू, साल जाड. वेलावर असतानाच शेतकऱ्याला तो सरळ बसवावा लागतो, नाहीतर एका अंगाला कलतो आणि कललेला भोपळा आमच्या काय कामाचा? वेल वाळेपर्यंत शेतात राहतो, मग ट्रकमधून इथे. आम्ही टेप लावून घेर मोजतो, टिचकी मारून साल ऐकतो आणि घासाघीस करतो. पुढे माळ्यावर तो कितीतरी महिने पडून राहतो. कापायच्या आधी पाण्यात भिजवून मऊ करायचा, तोंड कापायचं, बी-गर खरवडायचा आणि तोंडात कामट्या आडव्या ताणून हवा तेवढा रुंद करायचा. वाळला की तोच आकार धरतो. मग तुणाच्या लाकडाचा गळा, दांडी, वर भोपळ्याचं तोंड झाकणारी लाकडी तबली. तबली सपाट दिसते, पण नसते, मधे हलकी फुगीर असते. ती किती फुगवायची हे सांगता येत नाही.

एका सात-आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, "भोपळा कडू आहे हे तुम्हाला कसं कळलं?" म्हटलं, चाखून. "मग थुंकलात का?" दोन दिवसांतला सगळ्यात चांगला प्रश्न हाच. बाकीचे बहुतेक "एक करायला किती दिवस लागतात" आणि "ऑनलाइन मिळतो का" यातच होते. एका गृहस्थांना २०२४ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा स्टिकर बघायचा होता. मानांकन मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मिळालंय, माझ्या दाराला नाही, हे त्यांना पटवताना पाच मिनिटं गेली.

तुकडीबरोबर फिरणारा मुलगा दर वेळी दारात उभा राहून आमचा इतिहास सांगायचा. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, हत्यारं गेली तेव्हा १८५० च्या सुमाराला फरीदसाहेबांनी वाद्यं करायला घेतली, इथपर्यंत ठीक होतं. पण किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली मिरजेत वारले असं तो चारही वेळा म्हणाला. अरे बाबा, खाँसाहेब राहायला मिरजेत होते, कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, पण देह ठेवला तो तिकडे मद्रासजवळ, पाँडिचेरीला जाताना, सिंगपेरुमलकोईलच्या स्टेशनावर. दर्ग्याच्या उरुसात दर वर्षी त्यांच्या नावाने रात्र रात्र गाणं होतं त्या गावात उभं राहून एवढं तरी नीट सांगावं. मी दोनदा सांगितलं. त्याने मान डोलावली आणि पुढच्या तुकडीला पुन्हा तेच ऐकवलं.

आता रविवार.

जवारी दाखवायची हे त्यांचं आधीपासून ठरलेलं. मी म्हटलं होतं, जवारी बघायची गोष्ट नाही. तरीही वेळापत्रकात 'जवारी प्रात्यक्षिक, दहा मिनिटं' असं आलंच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. तंबोऱ्याच्या चार तारा तबलीवरच्या घोडीवरून जातात. घोडीची वरची पाठ रुंद असते आणि तिला इतका बारीक उतार असतो की डोळ्याला ती सपाटच वाटते. तार छेडली की त्या उतारावर घासत, टेकत, सुटत थरथरते. त्यातून तो भरलेला, गुंजणारा आवाज निघतो. पाठ जास्त गोल झाली की आवाज बंद, मुका. जास्त सपाट झाली की तार पत्र्यासारखी चिरकते. दोन्हींच्या मधली जागा शोधायची म्हणजे जवारी काढायची. कानस एक-दोन हात मारायची, तार चढवायची, जुळवायची, ऐकायची, उतरवायची, पुन्हा कानस. चारही तारांची जागा वेगळी, खर्जाची म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या तारेची तर फारच वेगळी. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सूत सरकवून नेमका बिंदू धरायचा. सगळं नीट जमलं तर खर्ज छेडल्यावर काही क्षणांनी त्यातून गंधार, म्हणजे 'ग' हा सूर, आपोआप वर येतो. कुणी लावलेला नसतो, पण ऐकू येतो. तो आला की आम्ही कानस खाली ठेवतो.

याला दोन-तीन तास लागतात. अब्बा जवारी फजरच्या नमाजानंतर काढायचे, गल्लीत गाड्या सुरू व्हायच्या आत. मीही तसंच करतो. पंखा बंद, दार लोटलेलं.

प्रात्यक्षिकासाठी मी एक साधा तंबोरा तयार ठेवला होता, जवारी निम्मी काढलेला, घोडी उंटाच्या हाडाची. बिघडला तरी माझाच. सकाळच्या दुसऱ्या तुकडीतल्या एका पोराने त्याची खुंटी जोरात पिळली. खर्जाची पितळी तार ताडकन तुटली आणि घोडीही सरकली. त्याची आई म्हणाली, "सॉरी हं, तो क्युरियस आहे." म्हटलं, असू दे.

पुढची तुकडी मोठी होती. माणसं दारापर्यंत, सगळ्यांचे मोबाइल वर, डोक्यावर पंखा गरगर. पंख्याखाली सूर हेलकावतो, पण तो बंद केला असता तर कुणीतरी घेरी येऊन पडलं असतं. तार बदलून घोडी पुन्हा बसवायला अर्धा तास हवा होता. मी सांगणारच होतो की जवारी आज नाही, तेवढ्यात खादीचा झब्बा घातलेले एक गृहस्थ शेजारणीला म्हणाले, "आता ॲपमध्येसुद्धा जवारीचा कंट्रोल असतो. बोटाने कमी-जास्त करता येते."

खरंच असतो. माझ्याही मोबाइलमध्ये ते ॲप आहे, रोज वापरतो. पण त्या क्षणी ते मला लागलं, आणि मी भिंतीकडचा बाईंचा तंबोरा उचलला.

बाई म्हणजे सांगलीच्या एक गाण्याच्या शिक्षिका. पन्नास वर्षं शिकवतायत. तंबोरा माझ्या आजोबांनी केलेला, काळी चारच्या पट्टीचा, आणि घोडीवरची पट्टी सांबराच्या शिंगाची. शिंग आता कायद्याने मिळत नाही, आणि ते योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शिंगावरचा आवाज वेगळा. हाड कोरडं बोलतं, शिंगाला ओल असते. तारांनी घोडीत चरे पाडले की दीड-दोन वर्षांनी बाई तंबोरा आणतात, मी पापुद्र्याएवढं शिंग घासतो आणि तो पुन्हा बोलायला लागतो. प्रत्येक जवारीबरोबर शिंग थोडं कमी होतं. आता जुन्या चार आण्याच्या नाण्याच्या जाडीएवढं राहिलंय. या वेळची जवारी मी शुक्रवारी पहाटे जवळजवळ पुरी केली होती. जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन, तारांखाली एक-दोन हात बाकी होते, तेवढेच दाखवावेत असं मनाशी म्हटलं.

मी कानस धरली आणि बोलायला लागलो. हे शिंग, हा उतार, ही जोडाची जागा. बोलताना हात चालू. तार चढवून ऐकायला हवं होतं, पण चढवायची-जुळवायची म्हणजे चार-पाच मिनिटं लोकांनी नुसतं गप्प बसायचं. ते कंटाळतील असं मला वाटलं. म्हणून न ऐकता आणखी दोन हात मारले. मग कुणीतरी म्हणालं, "सर, एकदा इकडे कॅमेऱ्याकडे," आणि मी त्यांच्यासाठी आणखी दोन मारले.

तारा चढवल्या, जुळवल्या, छेडल्या. आवाज फुटून बाहेर आला. सूत घातलेलं नसतानाही मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा. खोलीत "वा!" झालं, टाळ्या पडल्या. खादीवाले गृहस्थ मनापासून म्हणाले, "हे ॲपमध्ये नाही." मी हसलो. मला लगेच कळलं होतं. आवाज उठत होता आणि तिथल्या तिथे पडत होता. खर्ज छेडला, थांबलो. गंधार आला नाही.

गर्दी बाहेर पडत असताना चाचा माळ्याखालून म्हणाले, "हात नहीं रुका तेरा." मान वर केली नव्हती, खुंटी घासतच होते.

त्यानंतर दोन तुकड्या आल्या. त्यांना मी फक्त भोपळे दाखवले.

रविवारी रात्री इशाच्या नमाजानंतर दार लावून बसलो. सपाट झालेली पाठ पुन्हा उतरती करायची तर मधे भर घालता येत नाही, दोन्ही कडाच खाली आणाव्या लागतात. म्हणजे सबंध पट्टी खाली. पहाटे चारपर्यंत केलं. सोमवारी रात्री पुन्हा. काल दोनच्या सुमाराला गंधार आला, आणि असा आला की मी स्वतःच दचकलो. जवारी आधीपेक्षा चांगली निघाली असं माझं मत आहे. चाचांनी ऐकलं आणि "हं" म्हणाले. त्यांच्या "हं"चे चार-पाच अर्थ असतात. हा कुठला ते मला लागला नाही.

पण शिंग उतरलं ते उतरलं. मोजलं तर चार जवारींचं शिंग एका दुपारी आणि दोन रात्रींत गेलंय. चार जवारी म्हणजे सात-आठ वर्षं. मग मी पुढचा हिशेब केला. उरलेल्या शिंगात आणखी तीन-चार जवारी निघतील. म्हणजे सहा-सात वर्षं. बाईंचं वय चौऱ्याहत्तर. मनात आलं, पुरेल.

तो हिशेब मी केला हे मला आवडलेलं नाही. कानस जास्त गेली ते चार पोरं मोबाइल धरून उभी होती म्हणून, निदान तसं म्हणता तरी येतं. हा हिशेब मी रात्री दोन वाजता, एकटा असताना, शांतपणे केला.

बायको म्हणते सांगून टाका, त्या काही बोलणार नाहीत. तेही खरं. बाई बोलणाऱ्यातल्या नाहीत. मागे एकदा माझ्याकडून तारेतला सूर बारीक जुळवायचा मणी बदलला गेला, मूळचा हस्तिदंती होता, मी चुकून दुसरा घातला. त्यांनी मणी बोटाने चाचपला आणि माझ्याकडे बघितलं, बस. मी तिथल्या तिथे डबा उपडा करून जुना शोधला.

आज दुपारी संस्थेच्या त्या मुलाचा मेसेज आला. पाहुण्यांच्या अभिप्रायात सगळ्यांत जास्त पसंती जवारीला मिळालीय, पुढच्या वर्षी दिवसातून दोनदा ठेवता येईल का, आणि सोबत व्हिडिओ. व्हिडिओत मी बराच उमदा दिसतो. आवाज मोबाइलच्या स्पीकरवर खरोखर छान येतो. चाचांना ऐकवला तर त्यांनी हात झटकला.

गुरुवारी सकाळी बाई येणार आहेत. तंबोरा पुसून, लाखेचं पॉलिश एकदा हाताने फिरवून गवसणीत घालून ठेवलाय. जुन्या पट्टीचा जो भुसा पडला होता, तो मी झाडला नाही, एका कागदात गोळा केला. पांढरट, चिमूटभर आहे. तो त्यांना दाखवायचा की नाही हे ठरलेलं नाही. चाचा संध्याकाळपासून दोनदा उठून गवसणीची चेन उघडून खर्ज छेडून गेले. दोन्ही वेळा चेन लावायची तशीच राहिली.