माझं अमेरिकेतलं एकुलतं एक मत

दर उन्हाळ्यात मला ग्रीन बे पॅकर्सच्या वार्षिक सभेचं बोलावणं येतं. सोबत संचालक मंडळासाठी सुचवलेली नावं असतात. मी खुणा करते आणि पाठवून देते. या देशात अकरा वर्षं कर भरतेय, पण मत देण्याचा माझा अधिकार एवढाच. नागरिक नाही, त्यामुळे इथल्या महापौरापासून राष्ट्राध्यक्षापर्यंत कुणालाही निवडायचा वा पाडायचा प्रश्न येत नाही. आणि कोल्हापुरात मत द्यायचं तर त्या दिवशी केंद्रावर जातीनं हजर राहावं लागतं. बोटाला शाई लावून घ्यायला तीन विमानं बदलून येण्याइतका पगार अजून झालेला नाही.

पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ. म्हणजे नावाला फुटबॉल, बाकी बराचसा खेळ हातांचाच. देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये 32 संघ आहेत. त्यातल्या 31 संघांचे मालक कुणी अब्जाधीश, त्यांची कुटुंबं नाहीतर भागीदार. उरलेला हा एक, विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या लाखभर वस्तीच्या गावातला, ज्याचे मालक पाच लाखांहून जास्त सामान्य भागधारक आहेत. त्यातली एक मी. 2021 च्या हिवाळ्यात शेअर विक्रीला निघाले, 300 डॉलरला एक. ऑफिसातल्या सगळ्यांनी घेतला, मीही घेतला. त्या रात्री आप्पांना फोन केला.

"शेअर घेतलास? बरं केलंस. लाभांश किती देत्यात?"

"काही नाही, आप्पा."

"मग भाव वाढल्यावर विकायचा."

"विकता येत नाही. घरातल्या माणसाच्या नावावर करता येतो फक्त."

पलीकडे जरा वेळ शांतता. आप्पा चाळीस वर्षं सहकारी साखर कारखान्याचे सभासद. त्यांनी शेवटचा, रास्त प्रश्न विचारला, "मग साखर तरी देत्यात का?"

साखरही देत नाहीत. एक प्रमाणपत्र देतात, चौकटीत घालून भिंतीवर लावायला. आमच्याकडे ते देवघराच्या शेजारच्या भिंतीवर आहे, कारण तिथेच खिळा होता.

पण आप्पांना जेव्हा पुढचं सांगितलं तेव्हा त्यांना सगळं कळलं. 1923 साली संघ कर्जात बुडायला आला होता, तेव्हा गावातल्या दुकानदारांनी, डॉक्टर-वकिलांनी मिळून पाच-पाच डॉलरचे शेअर काढले. नफा कुणी घरी न्यायचा नाही, ही अट तेव्हापासूनची. पुढे 1935, 1950, 1997, 2011 आणि 2021, असं दर अडीनडीला किंवा बांधकामाला पुन्हा लोकांकडे हात पसरला. एका माणसाच्या हाती संघ जाऊ नये म्हणून शेअर किती ठेवायचे त्यावरही मर्यादा. संचालक बिनपगारी, पगार फक्त अध्यक्षाला. दर जुलैत लॅम्बो फील्ड या मैदानातच सर्वसाधारण सभा, तिथे जमाखर्च वाचून दाखवतात. मी पेशानं अकाउंटंट, त्यामुळे मला त्यात रस. बाकी मंडळी टोप्या-जर्स्या घालून सहलीला आल्यासारखी उन्हात बसलेली असतात. आणि निवडणूक म्हणाल तर जागा तेवढीच नावं. "म्हणजे बिनविरोध पॅनेल," आप्पा म्हणाले. "आपल्यासारखंच की!"

(नावाची एक गंमत. 1919 मध्ये कर्ली लॅम्बोनं संघ काढला तेव्हा तो ज्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत कामाला होता, तिनं गणवेशाचे पैसे दिले. तिचं नाव इंडियन पॅकिंग कंपनी. इथे आल्या आल्या मला तीन वेगवेगळ्या लोकांनी "तुमच्याच लोकांनी सुरू केलाय" म्हणून सांगितलं होतं. ते इंडियन वेगळे.)

मी कोल्हापूरची, त्यामुळे खेळाचं वेड मला नवीन नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुणचा फुटबॉल सामना असला की काका जेवणाचं ताट तसंच ठेवून पळायचे, आणि संघ हरला तर रात्री त्या ताटावर कुणी त्यांना काही बोलायचं नाही, असा घरचा नियम. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी एका सोमवारी ऑफिसात सुतकी वातावरण दिसलं. कुणी गेलं का म्हणून हळूच विचारलं, तर शिकागो बेअर्सनी हरवलं होतं. मला एकदम काकांचं ताट आठवलं. तेव्हापासून या लोकांशी माझं जुळलं.

शेजारचे आजोबा कागद कारखान्यातून निवृत्त झालेले. इथे सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारायची असते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तशी हाक मारताना माझी जीभ अजून अडते, म्हणून मी नावच घेत नाही, नुसतं "हॅलो" म्हणते. त्यांच्याकडे सीझन तिकिटं आहेत, वडिलांकडून आलेली. ही तिकिटं इथे मृत्युपत्रात लिहितात. 1960 पासून लॅम्बोवरची सीझन तिकिटं दरवर्षी आधीच विकली जातात, आणि तिकिटांच्या प्रतीक्षायादीत लाखाहून जास्त नावं आहेत. त्यात माझंही आहे. म्हणजे मी सध्या दोन रांगांत उभी आहे, एक या तिकिटाची आणि दुसरी ग्रीन कार्डाची. आधी कुठली संपेल यावर नवऱ्याशी पैज लागलीय. मी तिकिटावर लावलीय.

एका डिसेंबरात आजी आजारी पडल्या आणि त्यांचं तिकीट मला मिळालं. आजोबांनी आदल्या संध्याकाळी दार वाजवून बजावलं, "बूट मोठे घाल, आत दोन मोजे. आणि पुठ्ठा विसरू नकोस." मला वाटलं, घोषणा लिहायला. सकाळी ते स्वतःच खोक्याचे दोन तुकडे कापून घेऊन आले. मैदानात गेल्यावर कळलं. उणे 14 सेल्सिअस, पायाखाली काँक्रीट, ढुंगणाखाली धातूचं बाकडं, आणि गार वर चढतं ते तळपायातून. तो पुठ्ठा पायाखाली घ्यायचा. आसपासच्या प्रत्येकाच्या पायाखाली पुठ्ठा होता, कुणाचा टीव्हीच्या खोक्याचा, कुणाचा फ्रोझन पिझ्झाच्या. बाकड्यावर माणशी जागा वीतभर आणि प्रत्येकानं घातलेले चार-चार थर, त्यामुळे एक उठला की अख्खी रांग सैल व्हायची आणि तो परत आला की सगळ्यांनी मिळून त्याला आत कोंबायचं. माझ्या डावीकडच्या बाईंच्या डोक्यावर फोमचा पिवळाधमक चीजचा त्रिकोण होता. शेजारच्या इलिनॉयचे लोक विस्कॉन्सिनवाल्यांना 'चीजहेड' म्हणून हिणवायचे, तर यांनी तीच शिवी टोपी करून डोक्यावर घेतली. पहिल्या गोलाला (त्याला इथे टचडाऊन म्हणतात, पण माझ्या तोंडून गोलच निघतं) त्या बाईंनी मला मिठी मारली. नाव विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या तीन तासांत आसपास जे बोलणं चाललं होतं त्यातलं अर्धं खेळाचं होतं. बाकीचं अर्धं कराचं, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायच्या मिठाचं, फॉक्स नदीकाठी पडलेल्या कोळशाच्या ढिगांचं, नव्या गोल चौकांचं. लॅम्बोशेजारची घरं सामन्याच्या दिवशी अंगणात गाड्या लावू देतात आणि वर्षाच्या घरपट्टीचा बराच भाग तिथून सोडवतात. मग पालिकेनं त्यावर नियम करावा की नाही, यावर पुढच्या रांगेतले दोघं खेळ सोडून पाठमोरे वळून भांडत होते.

हे मला सुरुवातीला उमगलं नव्हतं. विस्कॉन्सिन हे राजकारणात बरोबर मधोमध चिरलेलं राज्य. 2016, 2020 आणि 2024, राष्ट्राध्यक्षपदाच्या तिन्ही निवडणुकांचा निकाल इथे एक टक्क्याहून कमी फरकानं लागला. त्यामुळे ऑफिसात, चर्चच्या जेवणात, शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या पंगतीत पक्षाचं नाव कुणी काढत नाही. समोरचा कोण हे माहीत नसतं, आणि उद्या त्याच्याकडूनच बर्फ उपसायचं यंत्र मागून आणायचं असतं. मग कर द्यावा का, सरकारवर भरवसा ठेवावा का, आपल्या पैशाचं काय होतं, हे सगळं बोलायचं ते मैदानाच्या आडून.

लॅम्बोचीच गोष्ट घ्या. 2000 साली मैदान वाढवायचं होतं. ब्राउन काउंटीत, म्हणजे आमच्या जिल्ह्यात, सार्वमत घेतलं: विक्रीकरात अर्धा टक्का वाढ चालेल का? एवढं संघावर जीव टाकणारं गाव, पण हो म्हणणारे 53 टक्के आणि नाही म्हणणारे 47. पंधरा वर्षं तो अर्धा टक्का दिला आणि सप्टेंबर 2015 अखेर कर बंद झाला. 'बंद झाला' हे इथले लोक अजून अशा सुरात सांगतात की जणू कुणी उसने दिलेले पैसे न मागता परत केले. पुढे 2018 मध्ये काउंटीनं दुसऱ्या कामांसाठी अर्धा टक्का परत आणला, ते मात्र कुणी आपणहून सांगत नाही.

मिलवॉकीची गोष्ट याच्या उलट, आणि जरा तिखट. तिथल्या ब्रूअर्स या बेसबॉल संघाच्या मैदानासाठी 1995 मध्ये पाच काउंट्यांवर 0.1 टक्का कर बसवायचा होता. त्यातल्या रसीन काउंटीचे, राज्याच्या सिनेटमधले सिनेटर जॉर्ज पेटॅक आपली काउंटी त्यात नको म्हणून विरोधात होते. पहाटेपर्यंत सभागृह चाललं, शेवटी पेटॅक फिरले आणि विधेयक 16 विरुद्ध 15 नं पास झालं. रसीनच्या मतदारांनी पुढच्या वर्षी त्यांना परत बोलावलं, म्हणजे मुदत संपायच्या आत मत घेऊन घरी बसवलं, आणि त्या एका जागेनं राज्याच्या सिनेटमधलं बहुमतच उलटलं. दहा पैशांच्या करापायी! कर संपला 2020 च्या मार्चमध्ये. आमच्या ऑफिसातला रसीनचा माणूस तेव्हा शाळेत होता, पण ती रात्र स्वतः पाहिल्यासारखी सांगतो.

गेल्या काही वर्षांत शाळांचं सार्वमत हा इथला दर वसंतातला सण झालाय. शाळांनी स्थानिक करातून किती पैसा उभारायचा यावर राज्यानं 1993 पासून मर्यादा घातलीय; त्याहून जास्त हवा असेल तर लोकांना विचारायचं. 2023 मध्ये गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी अर्थसंकल्पातल्या '2024-25' मधला 20 आणि मधली रेघ तेवढी खोडली. उरलं 2425. त्या मर्यादेतली दोन वर्षांपुरती असलेली वाढ चारशे वर्षांची झाली. विरोधक कोर्टात गेले, 2025 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती खोडाखोड ग्राह्य धरली. आमच्याकडच्या तलाठ्यांनीही कान पकडावेत.

तर आमच्याही शाळेचं सार्वमत निघालं आणि त्याआधी जिममध्ये बैठक झाली. मत नसलं तरी अशा बैठकीत बोलता येतं, तीन मिनिटं. पडद्यावर एक लाखाच्या घरामागे वर्षाला किती डॉलर, असं मांडलं होतं. हिरवं जाकीट घातलेले एक गृहस्थ उठले. "लॅम्बोला आम्ही अर्धा टक्का दिला. त्यांनी शेवटची तारीख पाळली. तुमची शेवटची तारीख कुठली?" टाळ्या पडल्या. मागून एका बाईंनी बसल्या जागेवरून उत्तर दिलं, "लॅम्बोला छप्पर नाहीये. आमच्याला आहे, आणि ते गळतंय." त्यांना जास्त टाळ्या पडल्या. मी उठले. माझ्या मुलाच्या वर्गात बादली कुठे ठेवतात आणि ती भरली की कुठल्या मुलाची पाळी असते, एवढंच सांगितलं. आवाज कापत होता. साखर कारखान्याच्या सभेत आप्पा माइक हिसकावून घ्यायचे, त्यांची लेक मी, पण तीन मिनिटांतलं एक मिनिट उरलं.

एप्रिलमधल्या त्या मंगळवारी आजोबा दुपारी मतदान करून आले. कोटावर 'मी मत दिलं'चा गोल कागद चिकटवलेला. मी पत्रपेटीपाशी होते. सार्वमताबद्दल ते पक्के विरोधात असल्याचं आजींकडून कळलं होतं, आणि मी बैठकीत काय बोलले तेही त्यांच्या कानावर गेलेलं होतं.

"बादली खरंच असते?" त्यांनी विचारलं.

"असते. निळी."

त्यांनी मान हलवली, कोटावरचा तो कागद काढून खिशात घातला. कुठे खूण केली ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. नवीन खेळाडू निवडायचा दिवस तीन आठवड्यांवर आला होता. पॅकर्सनी पहिल्या फेरीत कुणाला घ्यायला हवं आणि ते मूर्ख कुणाला घेतील, हे मात्र त्यांनी मला तिथेच, उभ्या उभ्या, अर्धा तास समजावून सांगितलं. "तू मालकीण आहेस," ते म्हणाले. "पत्र लिही त्यांना."