शिष्यवृत्ती 'बसते' का? महाडीबीटीच्या अर्जाविषयी थोडेसे

प्रवेशाच्या हंगामात पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : आम्हाला शिष्यवृत्ती बसते का? महाविद्यालयात शिकवत असताना शिष्यवृत्ती कक्षाशी सतत संबंध येत असल्यामुळे माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न अर्धाच आहे. उत्पन्न कमी असणे ही एक गोष्ट आणि ते कमी असल्याचा चालू मुदतीचा दाखला हातात असणे ही दुसरी. राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज ज्यावर भरले जातात त्या महाडीबीटी पोर्टलला यांतील फक्त दुसरी कळते.

पात्रतेचे नियम प्रवर्ग आणि अभ्यासक्रम यांनुसार बदलतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे, आणि त्यापेक्षा उत्पन्न जास्त असले तरी त्यांच्यासाठी फ्रीशिप म्हणजे शिक्षण व परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे, जिला अजूनही सगळे 'ईबीसी' (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) सवलतच म्हणतात. तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख रुपये असून व्यावसायिक अभ्यासक्रमाचे निम्मे शुल्क त्यातून मिळते, मात्र प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, झालेला असावा लागतो आणि एका कुटुंबातील दोनच मुलांना हा लाभ घेता येतो. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की हा दरवाजा बंद होतो, हे पालकांना प्रवेश घेण्याआधी कोणी सांगत नाही. मुलींच्या बाबतीत मात्र चित्र बदलले आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी निम्म्याऐवजी पूर्ण शुल्कमाफी मिळते. अभिमत आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत. कला किंवा विज्ञान शाखेचे पदवीचे विद्यार्थी या चर्चेत मागे पडतात, पण बारावीला उत्तम गुण असतील आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर त्यांनी केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलकडेही अवश्य पाहावे.

कागदपत्रांत सर्वाधिक वेळ खाणारी गोष्ट म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. ते जिल्हा पडताळणी समितीकडून मिळते, त्यासाठी वडील-आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांपासून जुन्या महसुली नोंदींपर्यंत पुरावे जमवावे लागतात, आणि म्हणून अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत अर्ज करणे शहाणपणाचे असते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. नोकरदार पालक फॉर्म १६, म्हणजे पगार आणि त्यातून कापलेल्या कराचे कार्यालयाकडून मिळणारे प्रमाणपत्र, घेऊन येतात आणि तोच पुरेसा आहे असे मानतात. प्रत्यक्षात फॉर्म १६ हा तो दाखला काढण्यासाठीचा पुरावा असतो, दाखला नव्हे. सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात निकालानंतर एकच गर्दी उसळते, तेव्हा हे काम एप्रिल उजाडताच उरकून घ्यावे, कारण दाखल्याची मुदत बहुधा ३१ मार्चला संपलेली असते.

पोर्टलवर प्रोफाइल भरताना नाव, पत्ता आणि दहावीपासूनचे शिक्षण यांची माहिती द्यावी लागते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी असते, आधारवर क्रम निराळा असतो आणि कधी 'राव' किंवा 'बाई' एका कागदावर असून दुसऱ्यावर नसते; अर्ज अडकण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. वसतिगृहाचा रकाना तर निम्मी मुले न वाचताच पुढे सरकवतात. वसतिगृहात राहणाऱ्या आणि घरून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निर्वाह भत्त्याचे दर वेगळे आहेत, त्यामुळे तेथे चुकीचा पर्याय निवडला तर नुकसान थेट खिशाला बसते. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या किंवा नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिचा अर्ज शुल्काच्या अर्जापासून स्वतंत्र भरावा लागतो.

'सबमिट' दाबल्यावर अर्ज महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि नंतर संबंधित विभागाच्या कार्यालयाकडे जातो. त्रुटी आढळल्यास तो परत पाठवला जातो आणि दुरुस्तीची वाट पाहत विद्यार्थ्याच्याच खात्यात पडून राहतो. मोबाइलवरच्या संदेशाच्या भरवशावर न राहता आठवड्यातून एकदा स्वतः लॉगिन करून स्थिती पाहावी, असे मी प्रत्येक वर्गात सांगतो.

बँकेविषयीचा गैरसमज सर्वांत महाग पडतो. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, अर्जासोबत ज्याच्या पासबुकाची प्रत दिली त्याच खात्यात जातील असे नाही. सिमकार्ड घेताना कोपऱ्यावरच्या दुकानात पेमेंट बँकेचे खाते उघडले गेले आणि आधार त्याला जोडला गेला, तर शिष्यवृत्ती तिकडे जमा होते आणि मुलगा आपल्या नेहमीच्या बँकेत चौकशी करत राहतो. आधारच्या संकेतस्थळावर आपला आधार सध्या कोणत्या बँकेशी जोडलेला आहे हे दिसते. अर्ज भरण्यापूर्वी ते पाहून, गरज असल्यास आपल्या शाखेत जाऊन जोडणी बदलून घ्यावी. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीतील केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातील शुल्काचा भाग त्यानेच महाविद्यालयाला भरायचा असतो, हेही घरी आधीच सांगून ठेवावे, कारण खात्यात आलेली रक्कम बियाण्यांत किंवा दवाखान्यात गेली की पुढे परीक्षा अर्जाच्या वेळी शुल्काची थकबाकी समोर उभी राहते.

पुढच्या वर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते. तेव्हा मागील वर्षाची गुणपत्रिका आणि, योजनेच्या नियमाप्रमाणे लागत असल्यास, उत्पन्नाचा नवा दाखला जोडावा लागतो.