वेंगुर्ले रोडवरून रेडी बंदरापर्यंत : आमची वाटचाल

बेळगावच्या कॅम्पातून हिंडलग्याकडे निघालं की जो रस्ता लागतो, त्याला आम्ही सगळे वेंगुर्ले रोड म्हणतो. आमच्या आप्पांचं आयुष्य त्याच रस्त्यावर गेलं. संध्याकाळी कोबी, फ्लॉवर, मिरची भरून ट्रक आंबोली घाट उतरायचा आणि पहाटे बर्फातला बांगडा घेऊन वर यायचा. शाळेला सुट्टी असली की मी केबिनमध्ये. दाणोलीला चहा झाला की आप्पा खिडकीची काच खाली करून म्हणायचे, "आता खारा वारा लागतोय बघ."

एका जुलैत घाटात दरड कोसळली आणि आम्ही खाली अडकलो. आप्पांच्या ओळखीचं एक घर वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला, किनाऱ्यावरच्या रेडी गावात होतं, तिथं तीन दिवस राहिलो. त्या घरातल्या आजोबांनी मला हाताला धरून गावातल्या यशवंतगड किल्ल्यावर नेलं. रेडी म्हणजे माझ्यासाठी तेव्हापासून ते तीन दिवस.

२०११ साली आप्पांनी ट्रक विकला. त्या पैशांत बँकेचं कर्ज घालून मी तेरा सीटची टेंपो ट्रॅव्हलर घेतली. पहिली दोन वर्षं लग्नाची वऱ्हाडं आणि गोव्याच्या फेऱ्या केल्या. हप्ते फिटत होते, पण माणसं किनाऱ्यावर सोडायची आणि अंधार पडला की गोळा करायची, यात मन रमेना. मग ठरवलं, आपण रेडी दाखवायची. एक गाव, दोन दिवस. "दोन दिवसांत एकच गाव?" हा प्रश्न आजही फोनवर येतो. मी होय म्हणते आणि का ते सांगते.

सांगायची सुरुवात रस्त्यापासूनच होते. आमचे ड्रायव्हर बसप्पामामा कानडी आहेत, पण शिनोळी ओलांडली की वेंगुर्ल्याची गोष्ट तेच मराठीत सुरू करतात, आणि ती त्यांच्याच तोंडून ऐकावी. वेंगुर्ल्यात डचांनी वखार घातली ती १६३७ साली, विजापूरच्या आदिलशहाच्या परवान्यानं. म्हणजे त्या बंदराची नाळ घाटावरच्या मुलखाशी तेव्हापासून जोडलेली. १८१२ मध्ये वेंगुर्लं सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलं, १८१८ मध्ये त्यांनी बेळगावचा किल्ला घेतला, आणि इथल्या छावणीला लागणारा माल त्या बंदरातून वर चढू लागला. आपला कापूस तिकडून खाली. पुढे १८८८ च्या सुमारास कॅसलरॉकवरून गोव्यातल्या मुरगाव बंदरापर्यंत आगगाडी झाली, माल तिकडे वळला आणि वेंगुर्लं शांत झालं. रस्त्याचं नाव मात्र बेळगावकरांनी बदललं नाही.

वखारीच्या पडक्या भिंती पाहून, शिरोड्याची मिठागरं डावी-उजवीकडे टाकत आम्ही रेडीला पोचतो. १९३० चा मिठाचा सत्याग्रह शिरोड्यातही झाला होता. तिथं गाडी थांबवतोच.

यशवंतगडाला मी सकाळचाच वेळ ठेवते. खाडीच्या तोंडावरची ती टेकडी, भोवती कोरडा खंदक, आणि दरवाजातून आत शिरलं की एकदम गारवा. भिंती जांभ्या दगडाच्या. वडाच्या मुळ्या वरून खाली उतरून दगडांच्या सांध्यांत शिरल्यात. काही ठिकाणी भिंत मुळांनी धरून ठेवलीय की मुळं भिंतीनं, ते कळत नाही. मी प्रत्येकाला त्या दगडावर तळवा टेकायला सांगते. जांभा भोकाभोकांचा असतो, रात्रीचं दव त्यात मुरतं. नऊ वाजता बाहेर ऊन तापलेलं असताना हात ओला होतो. हे फोटोत येत नाही. आजोबांनी मला हेच करायला लावलं होतं.

शिवाजी महाराजांनी १६६२ मध्ये हा गड घेऊन त्याची डागडुजी केली. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकला, १८१९ मध्ये इंग्रजांनी. बुरुजावर उभं राहिलं की एवढ्याशा खाडीसाठी एवढ्या सत्ता का झगडल्या ते दिसतं : गलबत आत आलं की वाऱ्यापासून सुरक्षित, आणि आत येणारं प्रत्येक शीड गडाच्या टप्प्यात.

रेडीच्या गणपतीला सगळेच जातात. १९७६ मध्ये लोखंडाच्या खाणीत सापडलेली ती जांभ्याची द्विभुज मूर्ती पाहताना आमच्याकडच्या बायका हमखास गप्प होतात. खाणीची लाल माती अजून आजूबाजूला दिसते.

एक चूक लिहायलाच हवी. पहिल्या वर्षी मी तेरेखोलचा किल्ला कार्यक्रमात घातला. गाडी कर्नाटकची, रेडी महाराष्ट्रात, आणि तेरेखोल नदीच्या अलीकडे असूनही गोव्यात. मी फक्त महाराष्ट्राचा परवाना काढला होता. गाडी अडवली, दंड झाला, आणि सत्तरीच्या दोन आज्या तासभर उन्हात उभ्या राहिल्या. चूक सर्वस्वी माझी होती. त्या सहलीचे पैसे मी परत केले. तेव्हापासून तिन्ही राज्यांची कागदं फाइलमध्ये असल्याशिवाय गाडी हलत नाही. आणि तेरेखोल सोडला नाही, कारण गोवा पोर्तुगीजांकडे असताना, १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी जिथं तिरंगा लावला ती जागा सीमेवरच्या माणसांनी पाहिली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आज आमच्याकडे दोन गाड्या आहेत. जेवण रेडीतल्याच दोन घरांत असतं. तिथल्या वहिनी "खंयसून इलात?" असं विचारूनच ताट वाढतात, बेळगाव म्हटलं की सोलकढी दुसऱ्यांदा येते. आम्ही जाताना कुंदा नेतो.

गेल्या फेब्रुवारीत उलटं झालं. गडावर मी नेहमी सांगते की बदामीच्या चालुक्य राजा मंगलेशानं रेवतीद्वीप जिंकल्याचं ऐहोळेच्या शिलालेखात आहे, आणि ते रेवतीद्वीप म्हणजे हीच रेडी, असं अभ्यासक मानतात. वहिनी म्हणाल्या, "आमका दाखवशात?" मग रेडीचे बावीसजण आम्ही घाट चढवून आणले. ऐहोळेत मेगुती टेकडीच्या पायऱ्या चढताना दोघींचे गुडघे दुखत होते, पण मागे कुणी राहिलं नाही. वर देवळाच्या भिंतीवर तोच लेख, चालुक्यांचा दरबारी कवी रविकीर्तीचा, शके ५५६ चा, म्हणजे इ.स. ६३४. लिपी जुनी, आमच्यापैकी कुणालाच वाचता येईना. बसप्पामामांनी तिथल्या माणसाला कानडीत विचारून नेमकी जागा समजून घेतली आणि लांबूनच बोट केलं. वहिनींनी डोक्यावरून पदर घेतला, लेखाकडे पाहून हात जोडले आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.