त्या पोट्ट्याच्या पायात गोळा आला नव्हता

मी मूळची देसाईगंज-वडसाकडची. फिजिओथेरपी नागपूरला केली, मग इकडे येऊन अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगमध्ये मास्टर्स केलं आणि आता अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका युनिव्हर्सिटीत फुटबॉल टीमसोबत काम करते. फुटबॉल म्हणजे इकडचा, हेल्मेट आणि खांद्याला पॅड लावून खेळतात तो. अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हटलं की घरच्यांना वाटते जिममध्ये वजनं उचलायला लावते, तर तसं नाही, दुखापत, उन्हाचा त्रास, टेपिंग, रिहॅब, मैदानावर कोणी पडलं तर सगळ्यात आधी धावायचं, हे आमचं काम.

आधी ही पोरं येतात कशी ते सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. दहावी-अकरावीत असतानाच कोच लोकं त्यांचे व्हिडिओ पाहून मागे लागतात. शाळेत येतात, घरी येतात, आईच्या हातचं जेवतात, मग पोराला कुटुंबासकट कॅम्पसवर बोलावून स्टेडियम, लॉकर रूम सगळं दाखवतात. वेबसाइटवाले पोरांना स्टार देतात, तीन स्टार, चार स्टार, आणि गावभर त्याचीच चर्चा. बारावीच्या डिसेंबरात कॉलेजसोबत सही होते. काही जण जानेवारीतच येतात, बाकीचे जूनमध्ये. आणि आता तर जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा एका युनिव्हर्सिटीला सगळे खेळ मिळून साधारण २०५ लाख डॉलर, पण त्यासोबत टीममध्ये १०५ च पोरं ठेवायची असा नियमही आला. शिवाय ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे दुसऱ्या कॉलेजचा तयार खेळाडू उचलून आणता येतो. त्यामुळे अठरा वर्षांच्या पोराला पहिल्या दिवसापासून एकच भीती, आपण मागे पडलो तर आपली जागा गेली. आधीही होती ही भीती, पण आता ती मला पोरांच्या चेहऱ्यावर दिसते.

जूनमध्ये नवीन पोरं आली की आमची तपासणी सुरू. ईसीजी, सांधे, डोक्याला मार लागला तर तुलना करायला आधीची टेस्ट, आणि रक्ताची सिकलसेल टेस्ट. होय, तीच आपली सिकलसेल, आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. माझी आई आरोग्यसेविका होती, गडचिरोली जिल्ह्यातच नोकरी झाली तिची, त्यामुळे सिकलसेल, वाहक, सोल्युबिलिटी टेस्ट हे शब्द मी लहानपणापासून घरात ऐकत आले. वाहक म्हणजे ज्याला आई किंवा बाप एकाकडूनच तो जीन आलाय, स्वतःला आजार नाही. आपल्याकडे वाहक म्हटलं की विषय थेट लग्नावर जातो, वाहकाने वाहकाशी लग्न करू नये, बस. वाहकाला रोज काही त्रास नसतो म्हणून त्याच्या व्यायामाबद्दल कोणी बोलत नाही. इकडे कृष्णवर्णीय लोकांमध्ये साधारण बारा जणांत एक वाहक असतो आणि फुटबॉल टीममध्ये ही मुलं भरपूर.

इकडे ही टेस्ट सक्तीची झाली ती एका पोराच्या जिवावर. राइस युनिव्हर्सिटीचा डेल लॉइड, १९ वर्षांचा, पहिल्या वर्षाचा. सप्टेंबर २००६ मध्ये १०० यार्डांच्या १६ धावा मारता मारता कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो वाहक आहे हे त्याच्या घरच्यांनाही माहीत नव्हतं. घरचे कोर्टात गेले, आणि २०१० पासून एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या इकडच्या संघटनेने, डिव्हिजन वनच्या म्हणजे सगळ्यात वरच्या गटाच्या खेळाडूंना ही टेस्ट लावली. खरं तर इथे २००६ पासून सगळ्या पन्नास राज्यांत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची सिकलसेल तपासणी होते, पण तो कागद बाळंतपणाच्या फाइलमध्ये कुठेतरी पडून राहतो आणि पोरगा १३० किलोचा डिफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीतला खेळाडू, होतो तोवर सगळे विसरलेले असतात.

आमचा हा पोट्टा तसाच. छोट्या गावचा, आई शाळेच्या किचनमध्ये कामाला, तीन स्टारवाला, एवढ्या अंगाचा असून पहिल्या दहा यार्डात असा सुटायचा की आमचे जुने कोच हातातलं काम सोडून पाहत बसायचे. टेस्ट पॉझिटिव्ह आली. मी आणि टीमच्या डॉक्टरांनी त्याला बसवून समजावलं, खेळायला काहीच बंदी नाही, वाहक असलेले कितीतरी जण एनएफएलपर्यंत, म्हणजे इकडच्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगपर्यंत, खेळलेत, फक्त हळूहळू वाढवायचं, दोन धावांच्या मध्ये जास्त आराम, पाणी, आणि पाय जड वाटले की थांबायचं, कोणालाही न विचारता थांबायचं. स्ट्रेंथ कोचेसना, म्हणजे व्यायाम करून घेणाऱ्या कोचेसना, लेखी प्लॅन दिला. त्याने मान हलवली, यस मॅम म्हणाला, आणि दारात जाऊन परत वळून विचारलं, "मॅम, हे बाकीच्यांना कळेल का?"

तो दिवस जुलैमधला. सकाळचीच वेळ होती पण हवा अशी दमट की उभ्या उभ्या शर्ट अंगाला चिकटत होता. ठरलेला व्यायाम झाला, पोरं पाणी प्यायला लागली, आणि नव्यानेच आलेल्या एका असिस्टंट कोचने शिट्टी मारून सांगितलं की आता फिनिशर, म्हणजे शेवटची रगड, लाइनमन विरुद्ध लाइनबॅकर, स्लेज, म्हणजे वजन ठेवलेली घसरगाडी, ढकलत जायचं आणि धावत परत यायचं, जो थांबेल त्याच्या गटाचा पॉइंट गेला. हे प्लॅनमध्ये कुठेच नव्हतं. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एका पोराच्या घोट्याला टेप करत होते, टेप तिथेच टाकून निघाले, पोहोचेपर्यंत याचे दोन फेरे झाले होते आणि तिसऱ्याला पूर्ण गट त्याच्या नावाने ओरडत होता. अशा वेळी कोणता अठरा वर्षांचा पोरगा थांबेल?

परत येताना त्याची चाल बदलली. लंगडत नव्हता, ओरडला नाही, हळूच गुडघ्यावर आला आणि मग आडवा झाला. असिस्टंट म्हणे, क्रॅम्प आहे, ऊठ, चालत रहा.

इथे थोडं थांबून सांगते कारण फरक इथेच कळतो. पायात गोळा येतो तेव्हा माणूस कळवळतो, पाय धरून उड्या मारतो, आणि पोटरीला हात लावला तर दगड. मी याच्या पोटरीला हात लावला, मांडीला लावला. मऊ. अगदी आराम करत असलेल्या माणसाचा स्नायू असतो तसा मऊ. आणि तो शुद्धीत होता, माझ्याशी नीट बोलत होता, श्वास मात्र भराभर चालला होता. मी विचारलं दुखतंय का, तर म्हणे, "जास्त नाही मॅम. पण पाय चालेनात. माझे आहेत असं वाटतच नाही."

उष्माघात असता तर बहुतेक वेळा बरळतो, शरीराचं तापमान १०४ फॅरनहाइटच्या वर जातं. याचं मोजलं तर १०२ सुद्धा नव्हतं. वाहकाच्या रक्तपेशी एरवी गोल असतात, पण आराम न देता जोर लावला की स्नायूतला ऑक्सिजन कमी होतो, आम्ल वाढतं आणि पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही, तो मरायला लागतो, त्यातलं पोटॅशियम हृदयाकडे जातं आणि मायोग्लोबिन नावाचं प्रथिन किडनीकडे. हे सगळं काही मिनिटांत होतं. त्या मिनिटांत त्याला उठवून चालवलं असतं तर काय झालं असतं ते मी इथे लिहीत नाही.

मी असिस्टंटला सरका म्हटलं. तो सरकला, कारण २०१६ पासून मोठ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या मोठ्या गटांमध्ये, हा नियमच आहे की मेडिकल निर्णय डॉक्टर आणि अ‍ॅथलेटिक ट्रेनरचा, कोच त्यात बोलू शकत नाही. माझ्या ज्युनिअरने तोवर ऑक्सिजन लावला होता, एईडी, म्हणजे हृदय बंद पडलं तर शॉक द्यायचं मशीन, शेजारी आणून ठेवला, एकाने ९११ लावला, एक जण गेटवर अँब्युलन्सला वाट दाखवायला पळाला. दर सीझनला आम्ही याची रंगीत तालीम करतो. मी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला फोन करून सरळ सांगितलं, सिकलसेल वाहक आहे, श्रमाने कोसळलाय, स्नायू फुटणार, पोटॅशियम आणि ईसीजीवर लक्ष ठेवा. हे आधी सांगणं फार गरजेचं असतं, कारण हसत-बोलत आलेल्या धडधाकट पोराला तिथे बाकावर बसवून ठेवतात.

दुपारी त्याची लघवी कोकाकोलाच्या रंगाची झाली. सलाइन चालूच होतं. किडनी वाचली, डायलिसिस लागलं नाही.

त्याची आई रात्री गाडी चालवत आली, कामावरचा एप्रन अजून अंगात. पोराला पाहून झालं, कपाळावरून हात फिरवून झाला, मग बाहेर कॉरिडॉरमध्ये मला गाठून अगदी हळू आवाजात पहिला प्रश्न विचारला, याची स्कॉलरशिप काढून घेतील का? मी सांगितलं, नाही. मोठ्या कॉन्फरन्सनी २०१५ मध्येच नियम केलाय की दुखापत झाली किंवा खेळ कमी पडला म्हणून स्कॉलरशिप काढता येत नाही. मग ती बाकावर बसली आणि म्हणाली, इतके कोच घरी येऊन गेले, त्याचे मार्क, त्याची उंची, बुटाचा नंबर, बेंच प्रेस किती, सगळं विचारलं, रक्ताचं कोणीच नाही विचारलं.

ते वाक्य मी दुसऱ्या आठवड्यात हेड कोचच्या मीटिंगमध्ये जसंच्या तसं सांगितलं. माझं म्हणणं एवढंच होतं की आपण एका पोरामागे दोन-दोन वर्षं फिरतो आणि तो हातात आला की पहिल्या सहा आठवड्यांत त्याला सगळ्यात जास्त रगडतो, जेव्हा त्याचं अंग अजून तयारच नसतं. २००० नंतर कॉलेज फुटबॉलमध्ये मॅचच्या टकरीत जितकी पोरं गेली त्याच्या कितीतरी पट व्यायाम करताना गेली. स्ट्रेंथ कोचेसच्याच संघटनांनी २०१९ मध्ये लिहून ठेवलंय की सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात कंडिशनिंग ५० टक्के कमी, मग ३०, २०, १०. हेड कोचने सगळं ऐकून घेतलं. फिनिशर बंद झाले. नवीन पोरांसाठी वेगळा, हळू वाढणारा कार्यक्रम झाला, वाहक असो नसो सगळ्यांना सारखा, म्हणजे कोणाला वेगळं पडल्यासारखं वाटायला नको. आणि आता पोरं कुटुंबासोबत कॅम्पस बघायला येतात तेव्हा त्या टेबलावर मीही असते, आणि आई-बापाला जन्माच्या वेळचा रिपोर्ट शोधायला सांगते.

पोट्टा परत आला पण घाई केली नाही. आधी सायकल, मग चालणं, रक्तातलं सीके, म्हणजे स्नायू फुटला की रक्तात वाढणारं एंझाइम, उतरेपर्यंत धावणं नाहीच. त्या सीझनला शेवटच्या चार मॅचमध्ये थोडा थोडा खेळला. चार मॅचपर्यंत खेळलं तरी कॉलेजात खेळायला मिळणाऱ्या ठरावीक वर्षांतलं एक वाया जात नाही असा २०१८ पासून नियम आहे, त्याचा फायदा झाला. आता रोटेशनमध्ये पक्का आहे आणि दमला की स्वतः हात वर करून बाहेर येतो, त्याच्या जागी दुसरा जातो, कोणी काही बोलत नाही.

पोट्टा कोसळला त्याच आठवड्यात मी मामेभावाला फोन केला होता. तो तिकडे पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे डांबरी रोडवर १६०० मीटर मारतो पोरांसोबत. विचारलं, तुझी सिकलसेल टेस्ट झाली का रे? तर म्हणे आश्रमशाळेत असतानाच झाली ताई, वाहक निघालो, कार्डही आहे, पण त्याचं धावण्याशी काय? अर्धा तास बोललो. दोन राउंडच्या मध्ये किती थांबायचं, ताप-जुलाब असला तर त्या दिवशी पळायचंच नाही, पाय जड पडले की रोडच्या कडेला बसायचं, आणि सोबतच्या पोट्ट्यांना आधीच सांगून ठेवायचं की मी पडलो तर उठवून चालवू नका, गाडी बोलवा. त्याने सगळं वहीत उतरवून फोटो पाठवला. त्याच्यासोबत धावणाऱ्या बाकीच्यांपैकी अर्ध्यांना आपण वाहक आहोत की नाही तेच माहीत नव्हतं, तर पीएचसीत जाऊन टेस्ट करून घ्या म्हटलं. पुढच्या महिन्यात त्यांचं ग्राउंड आहे.