तुम्ही विचारलंत म्हणून : 'सौभद्र'ची पदं का कापली?

प्रयोग संपला की मेकअप उतरायच्या आत कुणीतरी येऊन विचारतंच, "ताई, पदं का हो कापलीत?" मी "वेळ" म्हणते आणि विषय संपवते. आज नीट सांगते.

वेळेचं कारण खोटं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली 'सौभद्र' हे संगीत नाटक आणलं तेव्हा नाटक मंडळीचं बिऱ्हाड एकत्र असे, नाटकं रात्र रात्र चालत. आमचा अर्जुन वाकडहून येतो, नारद हडपसरहून, दोघंही ऑफिस उरकून. थिएटर ठरल्या वेळी रिकामं करून द्यावं लागतं. शंभराहून जास्त पदं बसवायची कुठे? सदाशिव पेठेतले वाडे पडले, आमचा प्रेक्षक आधी कोथरूडला गेला, मग बाणेरला. चिंचवडच्या प्रयोगाला तर नोकरीसाठी लातूर-नागपूरहून आलेली मुलं येतात, आयुष्यातलं पहिलं संगीत नाटक बघायला. अडीच तासांचं केलं म्हणून ती आली. वर्षाला जेमतेम चार प्रयोग करायचो, आता महिन्याला दोन होतात. साजिंद्यांना पाकीट त्याच रात्री मिळतं. याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

पण चिंचवडचा तो पहिला छोटा प्रयोग.

ऑर्गनवर काका होते, चाळीस वर्षं आमच्याकडे. कापलेल्या प्रत्येक पदावर त्यांनी वहीत पेन्सिलीने फुली मारली होती. दुसऱ्या अंकात मी, सुभद्रा, वाक्य संपवून थांबले आणि काकांची बोटं सवयीने फुली मारलेल्या दिंडीवर, म्हणजे दिंडी वृत्तातल्या छोट्या पदावर, गेली. सूर आला. तबलजीचा हात वर तसाच थांबला. प्रेक्षागृह गप्प. मी नुसतं तोंड उघडायचं होतं. मी पुढचं वाक्य बोलले. काकांनी पट्ट्यांवरून हात उचलले, पण पाय भात्यावर चालतच होते. सुरांशिवाय नुसती हवेची धाप, पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेली असेल.

नंतर विंगेत ते एवढंच म्हणाले, "बाई, सूर दिला होता मी."

पुढचे दोन प्रयोग त्यांनी केले. मग गुडघ्याचं कारण सांगून थांबले.

ती दिंडी दीड मिनिटाची. वेळेसाठी ती काढायची गरजच नव्हती. दोन वर्षं मला तिथला तार षड्ज, वरचा सा, लागत नव्हता. काका म्हणाले होते, पट्टी उतरवू, खालच्या सुरात गा. मी नको म्हटलं. पट्टी उतरवली की सगळ्यांना कळतं, पद कापलं की वेळेवर ढकलता येतं. काकांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

पंचविशीत मी तालमीत भांडले होते, पदं कापायची तर गद्य नाटक करा म्हणून. त्या मुलीला रिकाम्या खुर्च्यांचा हिशोब कधी मांडावा लागला नव्हता, हे मी तिला सांगेन. पण दिंडीबद्दल तिने विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. बाकीची पदं मी आजही कापीन. निदान आज तरी तसं वाटतं.

गेल्या महिन्यापासून सुभद्रा एक नवी मुलगी करते. काकांची वही तिला दिली आहे. परवा तालमीत फुलीवर बोट ठेवून तिने विचारलं, "ही घ्यायची का?"

मी म्हटलं, "पाठ करून ठेव."