ओसिओलासाठी

रविवार, रात्री साडेदहा

फ्लोरिडात ओसिओला जातीच्या रानटर्कीच्या शिकारीसाठी कोटा परमिट (ठरावीक संख्येचे, सोडतीने मिळणारे परवाने) लागलं! ग्रीन स्वॉम्प नावाची दलदल, मार्चचा दुसरा पंधरवडा. सकाळपासून कशात लक्ष नाही.

गेल्या एप्रिलमध्ये इथे ओहायोत मिळालेल्या नर टर्कीचं पंखातलं पीस टेबलावर घेऊन बसलोय. ही ईस्टर्न उपजात. पिसावर काळे-पांढरे पट्टे जवळजवळ सारख्या रुंदीचे, जणू कुणी मापून ओढलेत. ओसिओलाच्या पिसात काळा रंगच जास्त, पांढऱ्या रेघा बारीक, मध्येच तुटलेल्या. दलदलीतल्या सायप्रस झाडांच्या सावलीत तो पक्षी उभा राहिला तर दिसणार कसा, हाच विचार दिवसभर डोक्यात आहे.

हा पक्षी फ्लोरिडाच्या द्वीपकल्पाबाहेर कुठेही नाही. ज्या सेमिनोल योद्ध्याने आपल्या लोकांना फ्लोरिडातून हुसकावण्याविरुद्ध लढा दिला, त्याचं नाव याला १८९० मध्ये मिळालं. हे नाव मला फार योग्य वाटतं. पक्ष्याने प्रदेश सोडला नाही, तेव्हा जायचं आपणच.

खाजगी रँचवर वाटाड्या घेऊन गेलं तर दोन-तीन हजार डॉलर सहज जातात. मला ते नको. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला दहा दिवसांचं लायसन्स ४६.५० डॉलर, टर्की परमिट १२५, सरकारी क्षेत्राचं परमिट २६.५०. बाकी पायपीट स्वतःची. लेकलंडच्या उत्तरेला पसरलेल्या या दलदलीत विथलाकूची, हिल्सबरो, पीस आणि ऑक्लावाहा या चार नद्या उगम पावतात, म्हणजे पायाखाली पाणी असणारच. सापांसाठी गुडघ्यापर्यंतचे बूट घ्यायलाच हवेत. आणि या सरकारी क्षेत्रात दुपारी एकला शिकार बंद, त्यामुळे खरा खेळ पहाटेचाच.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अरे, आपल्याकडे भारतात १९७२ पासून शिकारीला गुन्हा म्हणतात, आणि तू परवाना काढून जातोस?" प्रश्न रास्त आहे. तिला म्हटलं, ओहायोत १९०४ पर्यंत एकही रानटर्की उरली नव्हती. बेसुमार शिकार आणि जंगलतोड. १९५६ पासून बाहेरून पक्षी आणून सोडले. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी लावायचा, असा कायदा १९३७ चा आहे. आमच्या लायसन्सची फीही त्याच कामाला जाते. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मारलास तर वाया घालवू नकोस." नाही घालवणार, आई. बर्फाची पेटी आधीच यादीत लिहिली आहे. मांड्यांचं मांस चिवट असतं, पण कोल्हापुरी मसाल्यात मंद आचेवर तीन तास ठेवलं की हाडापासून सुटतं.

माऊथ कॉल, म्हणजे टर्कीचा आवाज काढायची तोंडात धरायची छोटी पट्टी, अजून नीट जमत नाही. टाळूला चिकटवून हवा सोडली की मादीचा 'यल्प' निघतो, पण शेवटचा सूर फाटतो. रोज गाडीत सराव करायचा.

पहिल्या संध्याकाळी बंदूक गाडीतच राहील. अंधार पडायच्या सुमाराला सायप्रसच्या कडेला बसायचं, घुबडाचा आवाज काढायचा आणि नर टर्कीचं उत्तर कुठून येतं ते ऐकायचं. पाण्यावरच्या फांद्यांवर रात्रीच्या मुक्कामाला टर्की वर उडतात तेव्हा पंखांची जड फडफड लांबवर ऐकू येते म्हणे.