चार वेळा गुलाबजल काढलं

"गुलाबजलात थोडं ग्लिसरीन टाक, झाला चेहऱ्याचा स्प्रे." मला हे चार जणींनी सांगितलं. गुलाबजल कुठलं घ्यायचं, हे मात्र चौघींपैकी एकीनेही सांगितलं नाही. माझा सगळा डिसेंबर त्या एका शब्दापायी गेला, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

इंदूरची थंडी कोरडी. अंघोळ करून बाहेर आलं की दहा मिनिटांत माझे गाल ताणायला लागतात, नाकाच्या कडेला पापुद्रे सुटतात. मी शाळेत शिकवते. दोन तासांच्या मधे तोंड धुऊन क्रीम लावत बसायला वेळ नसतो. पर्समध्ये एक छोटी बाटली असावी, एवढंच हवं होतं.

राजवाड्याजवळच्या एका दुकानातून 'शुद्ध गुलाबजल' आणलं. घरी येऊन चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली: पाणी, सुगंध, प्रिझर्व्हेटिव्ह. गुलाब फक्त पुढच्या चित्रात. वास थेट अगरबत्तीचा. तरी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं, तर रात्रीपर्यंत तिथे लाल चट्टा आणि खाज. दुसऱ्या दिवशी परत द्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, सब यही ले जाते हैं." बाटली परत घेतली नाही ती नाहीच. त्याचा राग अजून गेलेला नाही. सगळे हेच नेतात, म्हणून ते चेहऱ्याला चालतं असं होतं का?

सियागंजातल्या एका दुकानदाराने निदान आधी विचारलं, "मिठाईत घालायचंय की चेहऱ्याला?" चेहऱ्याला म्हटल्यावर त्याने एसेन्सची बाटली परत फडताळात ठेवली. त्या माणसाचे मी आभार मानते.

मग ठरवलं, घरीच काढायचं. फुलं खजराण्याच्या गणपतीबाहेर हवी तेवढी मिळतात, पण त्यांच्यावर फवारणी काय झालीय ते कळायला मार्ग नाही. माझ्या मावसभावाचं देवासकडे शेत आहे, बांधावर गावठी गुलाब लावलेत, औषध मारत नाही. त्याने रविवारी पहाटे तोडलेली पाव किलोभर फुलं आणून दिली. ऊन चढल्यावर तोडलेल्या फुलांना तो वास राहत नाही.

पद्धत ऐकायला सोपी आहे. मोठ्या पातेल्यात मधोमध स्टँड, त्यावर वाटी. वाटीभोवती पाकळ्या आणि त्या बुडतील एवढंच पाणी. वर झाकण उलटं, त्यावर बर्फ. वाफ झाकणाला लागून गार होते, तिचे थेंब वाटीत पडतात. तेच गुलाबजल.

पहिल्या वेळी मी सपाट झाकण ठेवलं. थेंब धरले, पण सगळे कडेला ओघळून पुन्हा पाकळ्यांत गेले. तासाभराने उघडलं तर वाटीत जेमतेम दोन चमचे पाणी. झाकण खोलगट हवं आणि उलटं ठेवल्यावर त्याचा खालचा टोकदार भाग बरोबर वाटीच्या वर यायला हवा.

दुसऱ्या वेळी खोलगट झाकण घेतलं, थेंब वाटीत पडायला लागले, मी खूश झाले आणि घाईने गॅस वाढवला. पाणी खळखळलं, उसळून वाटीत गेलं. हाती आलं ते चहासारखं लालसर पाणी. खरं गुलाबजल पाण्यासारखं नितळ असतं. रंग उतरला असेल तर तो पाकळ्यांचा काढा समजा, आणि काढा फार लवकर नासतो. पाकळ्या उकळून गाळून घ्या, असं जे सर्रास सांगतात, तो हाच काढा.

तिसऱ्या वेळी सगळं जमलं. मंद आच, कडेला कणकेची वळी लावून बंद केलेलं झाकण, पिशवीत भरलेला बर्फ, म्हणजे वितळला की पिशवी बदलता येते. पेलाभर नितळ पाणी निघालं. नाकाशी नेलं तर गुलाबामागून हिंग आला. झाकण रोज आमटीवर ठेवायचं होतं. घासलेलं, लखलखीत, पण वाफेने त्यातला वास बाहेर काढला. मी ओट्यापाशी उभी राहून अक्षरशः रडले. पाव किलो फुलं, दोन तास, आणि पुन्हा रविवारची वाट पाहायची.

चौथ्या रविवारी नवं झाकण, नवी वाटी. स्वयंपाकघरात बोलायचं नाही, असं मुलांना सांगितलं आणि थेंबांचा आवाज ऐकत बसले. टप्, मग बराच वेळ काही नाही, मग टप्. तासाभरात दीडशे मिली आलं. पुढच्या थेंबांना वास उरला नाही, तेव्हा गॅस बंद केला. आईंनी बोट बुडवून मनगटाला लावलं आणि काही न बोलता माझ्या पाठीवर हात ठेवला. हे मी कधी विसरणार नाही.

बाकी काम पाच मिनिटांचं. शंभर मिली गुलाबजलाला अर्धा चमचा ग्लिसरीन. सुरुवातीला मी दोन चमचे घातलं होतं, चेहरा चिकट झाला आणि वर आणखी ताणला. ग्लिसरीन पाणी ओढून घेतं. हवा कोरडी असली की ते त्वचेच्या आतलंच ओढायला लागतं. केमिस्टकडून आयपी (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधाच्या दर्जाचं) लिहिलेलं सीलबंद ग्लिसरीन घ्या, सुटं मुळीच नको. २०२५ मध्ये आपल्याच राज्यात, छिंदवाड्यात, खोकल्याच्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉलने लहान मुलं गेली. ते विष ग्लिसरीनमध्येही भेसळ म्हणून सापडलेलं आहे.

एक राहिलंच, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं: नुसता स्प्रे मारून सोडू नका. पाणी उडून जाताना त्वचा आणखी कोरडी करून जातं. चेहरा ओलसर असतानाच वरून क्रीम लावायचं. शाळेत मी क्रीमची छोटी डबी बरोबर ठेवते.

लिंबू पिळू नका, आग होते. सुवासिक तेलाचे थेंबही नकोत, ते पाण्यात मिसळत नाहीत, वर तरंगतात आणि तसेच गालावर बसतात. कोरफडीचा ताजा गर घालून पाहिला होता, तिसऱ्या दिवशी बाटलीत तार धरली.

यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही, त्यामुळे बाटली फ्रिजमध्ये आणि फक्त आठवडाभर. मी पट्टी चिकटवून तारीख लिहिते. पाणी गढूळ दिसलं किंवा वास बदलला की ओतून देते, जीव कितीही तुटला तरी. शाळेत नेण्यापुरतं रोज सकाळी छोट्या बाटलीत काढते. उरलेलं गुलाबजल ग्लिसरीन न घालता बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते, आणि रविवारी लागेल तेवढे खडे काढून नवी बाटली भरते. ट्रे मात्र नवाच घ्या, आणि झाकण लावून ठेवा.